ब्रेकमधली गोलकीपर

फुटबॉलवर लिहायला बसलो आहे खरा, पण त्याआधी माफी मागतो. मी आयुष्यात एकदाही फुटबॉलला लाथ मारलेली नाही. एकदा मैदानाच्या कडेला उभा असताना चेंडू माझ्याकडे आला, तेव्हा मी तो दोन्ही हातांनी उचलला, शर्टाला पुसला आणि आत जाऊन एका खेळाडूच्या हातात दिला. खेळ चालू होता. त्या हशाची आठवण झाली की अजून कान तापतात. शिवाय मी लेखकही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे कागदावर काही लिहिलं की ते कुणाला तरी तपासायला द्यावं, अशी सवय मला अजून आहे. हे तपासायला कुणाला द्यावं, ते कळत नाही.

तरीही लिहितो. सोलापुरात एके काळी मुलींच्या फुटबॉलच्या दोन टीम होत्या आणि त्यातल्या मुली करारावर खेळत, असं हल्ली कुणाला सांगितलं तर ऐकणारा माझ्याकडे काळजीनं बघतो. एकानं तर तब्येत विचारली.

आणीबाणी उठून थोडेच महिने झाले होते. मी वेळापूरजवळच्या आमच्या गावातून येऊन सोलापुरात बी.ए. करत होतो आणि पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एक खोली घेऊन राहत होतो. खोली स्वस्त होती, कारण भिंतीपलीकडे माग चालत. मागाच्या खडखडाटात पाठांतर केल्यामुळे माझं इतिहासाचं उत्तर मी आजही एका ठेक्यात म्हणू शकतो. गल्लीच्या तोंडाशी चहाचं हॉटेल होतं. तिथं मी रोज इंग्रजी पेपर वाचायचा प्रयत्न करायचो. एके दिवशी समोर एक जाडसर गृहस्थ येऊन बसले. शेजारच्या टॉवेल कारखान्याचे ते शेठ.

"इंग्रजी वाचतोस काय रे?"

"वाचतो. समजतं मात्र सावकाश."

"सावकाश चालतंय की. मला घाई न्हाय," असं म्हणून त्यांनी खिशातून एक पुस्तिका काढली. फुटबॉलचे नियम. त्या दिवसापासून मी त्यांच्या महिला फुटबॉल संघाचा सेक्रेटरी झालो. ते मला नावानं कधीच हाक मारत नसत. "ए कॉलेज" म्हणत.

शेठना फुटबॉलचं वेड वगैरे नव्हतं. त्यांना साडू होता. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. आमचे शेठ टॉवेल काढत, साडू चादरी. एकानं मोटार घेतली की दुसऱ्यानं तीच मोटार वेगळ्या रंगाची घ्यायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं होतं. एका लग्नात आहेर कुणाला आधी दिला यावरून दोघांचं बोलणंही बंद झालेलं. तर या साडूंनी मुंबईत कुठंतरी बायकांची फुटबॉल मॅच पाहिली आणि परत आल्यावर चादर कारखान्यातल्या मुलींची टीम काढली. जिल्ह्याचा कप जिंकून पुढं राज्याच्या स्पर्धेत जायचं, पेपरात फोटो आणायचा. आमच्या शेठना ते कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं म्हणतात.

साडूंच्या टीमच्या जर्सी लाल. म्हणून आमच्या निळ्या. बाहेरून कापड आणायचं शेठना पटेना, म्हणून त्यांनी आपल्याच कारखान्याच्या टॉवेलच्या कापडाच्या जर्सी शिवल्या. सोलापूरच्या उन्हात टॉवेल नेसून पळायचं! पहिल्या अर्ध्यातच जर्सी घामानं इतकी जड व्हायची की मुली मध्यंतरात त्या पिळायच्या. शेठ म्हणायचे, "बघा, कसं पाणी धरतंय!" जाहिरात म्हणून त्यांना ते फार आवडायचं.

शिकवायला मुलींच्या शाळेतले खो-खोचे सर आणले होते. त्यांनाही फुटबॉल येत नव्हता, पण त्यांचा आवाज मोठा होता. पास द्यायची वेळ आली की ते कडेवरून "खो!" असं ओरडत आणि जिच्याकडे चेंडू असेल ती दचकून पुढच्या मुलीला देई. मी पुस्तिकेतून ऑफसाइडचा नियम समजावून सांगितला तेव्हा सर पुस्तिका मिटून म्हणाले, "हे आपण पुढच्या वर्षी घेऊ."

आता कराराबद्दल. मुलींना शेठनी कारखान्यात घडी खात्यात टेम्पररी म्हणून घेतलं होतं. सकाळी टॉवेलच्या घड्या, दुपारनंतर फुटबॉल. त्याचा करार मी लिहायचो. "सदर खेळाडू भगिनी ही चालू हंगामापुरती" अशी त्याची सुरुवात असे. भगिनी हा शब्द मीच घातला होता. मला वाटायचं, त्यामुळे कागदाला जरा मान येतो.

आणि ब्रेकबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. टेम्पररी माणसाला सलग बरेच महिने कामावर ठेवलं तर कायद्यानं त्याला कायम करावं लागतं, ही त्या वेळी कारखानदारांची मोठी भीती होती. म्हणून महिने भरत आले की कारकून त्या माणसाला काही दिवस घरी बसवायचा आणि मग जणू काही पहिल्यांदाच बघतोय अशा चेहऱ्यानं परत घ्यायचा. याला ब्रेक म्हणत. पूर्व भागात हा शब्द इतका घरचा होता की एखादी मुलगी माहेरी आली तरी शेजारीण विचारायची, "ब्रेकवर आलीस काय गं?"

आमच्या मुलींनाही ब्रेक मिळायचा. पण घरी बसणं कुणाला परवडणार? ब्रेक मिळाला की त्या सरळ चालत साडूंच्या कारखान्यात जायच्या. तिथं चादरींच्या घड्या घालायला हात लागायचेच. कामावर घेतलं की लाल जर्सी मिळायची. तिकडून ब्रेक मिळाला की पुन्हा इकडं, निळी. परदेशातले क्लब खेळाडूंची खरेदी-विक्री करतात आणि त्याचा मोठा गाजावाजा होतो, असं मी पेपरात वाचलं होतं. आमच्याकडे तेच काम एक कारकून, नाकावर चष्मा ठेवून, कुणाशी न बोलता करत होता.

प्रेक्षकांची मात्र पंचाईत व्हायची.

"ए पोरी, दिवाळीत तू निळी हुतीस की!"

"आता लाल हाय. दिसत न्हाय व्हय?"

"आन् मग आमी वरडायचं कुणाच्या नावानं?"

"बॉलच्या नावानं वरडा. त्यो तरी बदलत न्हाय."

हे उत्तर देणारी आमची गोलकीपर. टीममधल्या सगळ्या तिला अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. खरं तर ती माझ्याच वयाची होती. घर तेलुगू विणकरांचं. वडील स्वतःच्या घरात दोन माग चालवत. घडी खात्यात माळ्यावरून टॉवेलांचे गठ्ठे खाली टाकत आणि अक्का खाली उभी राहून ते झेलायची. सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "ही गोलात." सरांचा फुटबॉलमधला तेवढा एकच निर्णय बरोबर आला, पण तो फार बरोबर आला. टॉवेलच्या जर्सीचा फायदा झालेली सगळ्या टीममध्ये ती एकटीच. चेंडू छातीवर घेतला की तो तिथंच चिकटून बसायचा.

एकदा सरावानंतर मी नवीन करार लिहीत बसलो होतो. अक्का येऊन समोर उभी राहिली.

"अन्ना, ह्या कागदात कायम हा शब्द कुठं बसतो?"

"नाही बसत. हा हंगामापुरता आहे."

"बसवा की."

मला वाटलं, ती चेष्टा करते आहे. ती करत नव्हती. मग तिनं सांगितलं. भिवंडीच्या एका घरातून तिला मागणी आली होती. तिथंही मागच होते. वडील नाही म्हणत नव्हते, होही म्हणत नव्हते. तिनं त्यांना विचारलं, मला थोडं थांबता येईल का? त्यावर वडिलांनी एक अट घातली होती.

"नान्ना म्हणतात, कायम नोकरी लागली तर दोन वरसं लग्नाचं नाव काढणार न्हाय. पण टेम्पररी पोरीसाठी कशाला थांबू? आज हितं, उद्या तितं. त्यापेक्षा भिवंडीला कायमची जाऊ दे."

"तुला लग्न नकोय का?"

"नको कुठं म्हणाले? भिवंडीत मैदान हाय का, एवढंच इचारलं. कुणी सांगतच न्हाय."

मी शेठकडे गेलो. कसं बोलावं ते आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, तरी तिथं गेल्यावर माझ्या तोंडून "शेठ, ते अक्काचं..." एवढंच निघालं. पण शेठ त्या दिवशी खुशीत होते. त्यांनी अक्काला बोलावलं आणि सगळ्या घडी खात्यासमोर म्हणाले, "जिल्ह्याचा कप आण. कायम करतो. शब्द देतो." मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शेठनी शब्द दिला म्हणजे काम झालं, असं मला खरंच वाटलं.

संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा झाली की जिल्ह्याची फायनल. टीम दोनच असल्यामुळे फायनलला पोचणं अवघड नव्हतं. आम्ही सराव करत होतो आणि इकडे अक्काचे महिने भरत होते. फायनल आठवड्यावर आली असताना कारकुनानं रिवाजाप्रमाणे तिला ब्रेक दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडूंच्या दारात उभी. संध्याकाळी लाल जर्सीत.

शेठनी कारकुनाला असं झापलं की मागावरच्या बायका बाहेर आल्या.

"अरे, गोलकीपरला कुणी ब्रेक देतं का!"

कारकून शांत होता. "शेठ, तिचं नाव घडी खात्यात हाय. महिने भरले, दिला ब्रेक. गोलकीपर खातं आपल्याकडं न्हायच."

आता अक्काला परत आणायचं तर साडूंनी सोडायला हवं. मी पुस्तिका काढली. दोन्ही क्लबांच्या संमतीनं खेळाडूची बदली करता येते, असं त्यात होतं. संमती कशी घ्यायची, ते नव्हतं. शेठनी विचार केला, पण त्यांना एकच पद्धत माहीत होती, लग्न ठरवायची. ते म्हणाले, "बैठक घेऊ." पण एकमेकांच्या दारात कोण जाणार? मग मधली जागा म्हणून अक्काचंच घर ठरलं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण शेठाणीबाई म्हणाल्या, "पोरीच्या घरी रिकाम्या हातानं जातात काय? शोभतं काय आपल्याला?"

त्यामुळे आम्ही गेलो ते असे: पुढं टोपी घातलेले शेठ, मागं कोट घातलेले सर, त्यामागं दोन वयस्कर नातेवाईक, आणि शेवटी हातात ताट घेऊन मी. ताटात नारळ, साडी-चोळी, साखरेची पुडी आणि वर झाकायला अर्थातच आमच्या कारखान्याचा टॉवेल. मी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. पलीकडून साडू आपली माणसं घेऊन आले. त्यांनी चादर आणली होती, ती मागासमोर अंथरली आणि सगळे तिच्यावर बसले. अक्काच्या वडिलांनी दोन्ही माग बंद केले. पूर्व भागात एखाद्या घरातले माग दिवसा बंद झाले की गल्ली समजते, काहीतरी मोठं आहे. बघता बघता दार, खिडकी, जिना बायकांनी भरून गेला.

साडू म्हणाले, "आमची पोरगी आमी तशी सोडणार न्हाय."

"मग काय पायजे?"

"एक द्यायची तर एक घ्यायची."

साटंलोटं! दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांना हे ताबडतोब पटलं. त्यांच्या डोक्यातला गोंधळ गेला. आमची डावीकडून खेळणारी एक मुलगी लई पळायची, ती साडूंनी मागितली. थोडी ओढाताण झाली. अक्का साडी नेसून चहा घेऊन आली. शेठाणीबाईंनी सांगितलं होतं म्हणून शेजारच्या एका बाईंनी तिला कुंकू लावलं आणि ओटी भरली. सुपारी फुटली. मग शेठ म्हणाले, "वाच रे कॉलेज." मी उभा राहिलो आणि करार मोठ्यानं वाचला. एवढ्या माणसांसमोर मी कधी वाचलं नव्हतं.

दारातल्या बायकांना करार ऐकू गेला नसावा. एक म्हातारी बाई तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. बायका हसल्या. एकीनं तर माझ्यावर चार अक्षता टाकल्या. मला वाटलं, यांच्यात कागद वाचणाऱ्याचा असा मान करतात. मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सरावाला गेलो तर अक्का गोलाच्या खांबाला टेकून उभी होती.

"अन्ना, तुमाला ठावं हाय का, तुमचं लग्न ठरलंय."

"माझं? कुणाशी?"

"चौकशी करून सांगते," असं म्हणून ती गोलात जाऊन उभी राहिली. सगळ्या मुली चेंडू सोडून हसत होत्या. मला वाईट वाटलं नाही, एवढंच इथं लिहितो.

पूर्व भागातली बातमी आणि भिवंडीतली बातमी यांच्यात फार तर एका रात्रीचं अंतर असतं. दोन्हीकडे नातेवाईक तेच. पोरगी परजातीतल्या कुण्या कॉलेजच्या पोराला दिली, सुपारी फुटली, ताटसुद्धा आलं, असं तिकडं कळलं आणि भिवंडीच्या माणसांनी मागणी परत घेतली. अक्काचे वडील माझ्या खोलीवर आले. मी उठून उभा राहिलो. बसायला एकच खुर्ची होती, तीही ते घेईनात.

"मामा, मी भिवंडीला पत्र लिहितो. सगळा खुलासा करतो."

"नगं बाबा," ते म्हणाले. "तुमी लिवल्याला कागद आमाला लई म्हाग पडतो." मग त्यांनी दार लोटून घेतलं. "तुमी नवरा न्हाय हे मला ठावं हाय. गल्लीला कोण सांगणार? आता शेठनी शब्द दिलाय, तर कायम करू द्या हिला. न्हायतर पुढचं स्थळ येईल तितं मी हो म्हणणार. भिवंडी असू दे, सुरत असू दे. मैदान बिदान इचारायचं न्हाय."

म्हणजे आता सगळं फायनलवर आलं. मी त्या दिवसांत अभ्यास सोडून मनात पेनल्टी अडवत होतो.

फायनलला कारखान्याचा भोंगा वाजल्यावर खेळ सुरू झाला. शिट्टीपेक्षा भोंग्यावर लोकांचा जास्त विश्वास. मैदान भरलं होतं. दोन्ही शेठ एकाच मांडवात दोन टोकांना बसले होते आणि मधल्या खुर्च्यांवर दोघांच्या बायका शेंगा खात गप्पा मारत होत्या. साडूंची टीम चादरी पांघरून मैदानाला चक्कर मारून आली. आमच्या मुलींनी खांद्यावर टॉवेल टाकले.

खेळ कसा झाला ते जाणकारानं लिहायला हवं होतं. मला एवढंच दिसलं की कुणीच कुणाला फसवू शकत नव्हतं. दोन्ही टीममधल्या मुली एकमेकींच्या बाजूनं इतक्या वेळा खेळलेल्या होत्या की कोण कुठं वळणार हे समोरचीला आधीच ठाऊक. साटंलोटं करून तिकडं गेलेली आमची डावी मुलगी एकदा एकटीच चेंडू घेऊन आली. समोर फक्त अक्का. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दोघी मातीत पडल्या होत्या, चेंडू अक्काच्या पोटाशी होता आणि ती त्या मुलीला म्हणत होती, "डावीकडंच मारणार, दुसरं काय येतंय तुला!"

"आन् तुला तरी दुसरं कुठं पडता येतंय!"

गोल झालाच नाही. पुस्तिकेत अशा वेळी काय करायचं ते शोधेपर्यंत अंधार पडायला लागला. पंचांनी नाणं उडवायचं ठरवलं, तेव्हा शेठाणीबाई आणि त्यांची बहीण उठल्या आणि म्हणाल्या, नाणं बिणं काही नको, कप दोघांत. सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं. घरातलंच आहे.

आणि मग ज्याची कुणी कल्पना केली नव्हती ते झालं. दोन्ही साडूंनी एकाच कपाला हात लावला, फोटोवाल्यानं जवळ या म्हटलं, दोघं जवळ आले आणि जुना राग कुठल्या कुठं गेला. आमच्या शेठचे डोळे भरून आले. त्यांनी भाषण केलं. "लोक म्हणतात, हा कारखाना वेगळा, तो कारखाना वेगळा. मी आज जाहीर सांगतो, आमचे दोन्ही कारखाने पहिल्यापासून एकच हायेत! एकच घर, एकच काम!" साडूंनी मान डोलावली आणि त्यांना मिठी मारली. लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या. मला गहिवरून आलं.

एकच घर म्हटल्यावर दोन टीम कशाला? दोन्ही मिळून एक टीम राज्याच्या स्पर्धेला गेली आणि मुंबईकडून पहिल्याच मॅचला सपाटून हरली. पेपरात फोटो येऊन गेला होताच, त्यामुळे एकही टीम कशाला, असं ठरलं. मुलींचे महिने भरत आले तसतसा कारकुनानं एकेकीला ब्रेक दिला. मी शेठकडे अक्काच्या शब्दाची आठवण करून द्यायला गेलो. ते म्हणाले, "कप आण म्हणालो होतो. अर्धाच आणला की तिनं." ते चेष्टेत म्हणाले असावेत, असं मी बराच वेळ धरून चाललो.

अक्काला ब्रेक मिळाला त्या दिवशी ती नेहमीप्रमाणे चालत साडूंच्या कारखान्यात गेली. तिथला माणूस म्हणाला, "हितं न्हाय घेता येणार. आता दोन्हीकडचं हाजरीचं बुक एकच झालंय. तिकडं ब्रेक म्हंजे हितंबी ब्रेक."

ती तिथून सरळ माझ्या खोलीवर आली. दारातच उभी राहिली.

"अन्ना, एक इचारू? दोन्ही कारखाने पहिल्यापासून एकच हायेत, असं शेठ म्हणाले न्हाय का?"

"म्हणाले."

"मग मला ब्रेक मिळाला कवा?"

मी पुस्तिका उघडणार होतो, पण हे काही फुटबॉलच्या नियमात नव्हतं. मी विचार केला. इकडून सुटली त्याच्या दुसऱ्या सकाळी ती तिकडं कामाला. तिकडून सुटली की दुसऱ्या सकाळी इकडं. मधे खाडा नाहीच. कायद्यात हे बसतं की नाही, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही खात्रीनं सांगता येत नाही. पण मी शर्ट बदलला आणि तिच्याबरोबर कामगार ऑफिसात गेलो. गल्लीतल्या बायका जिन्यावरून बघत होत्या. त्यांची समजूत आणखी पक्की झाली असणार.

ऑफिसातले साहेब चष्मा पुसत म्हणाले, "सलग काम केलं, याला पुरावा काय?"

"सगळ्या सोलापुरानं बघितलंय की," अक्का म्हणाली. "निळी नसले तवा लाल हुते. लाल नसले तवा निळी."

साहेबांनी चष्मा घातला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "गोलकीपर ना तू? त्या बॉलवर उजवीकडं झेप घेतलीस ती... मी होतो तिथं."

"डावीकडं, साहेब."

"डावीकडं," साहेबांनी मान्य केलं आणि अर्ज ठेवून घेतला.

तारखा पडू लागल्या. एका तारखेला शेठचा माणूस आला नाही, एकीला साहेब रजेवर. माझी परीक्षा आली. मग नातेपुत्याच्या शाळेत मला मास्तरची नोकरी लागली आणि मी सोलापूर सोडलं. निघताना अक्काच्या घरी गेलो होतो. दोन्ही माग चालू होते, त्यामुळे बोलणं फारसं झालं नाही. तिचे वडील म्हणाले, "बघू. तारखा चालू हायेत तवर थांबतो म्हणालोय." ती म्हणाली, "अन्ना, पोरांना ऑफसाइड शिकवू नका. तुमाला येत न्हाय."

नंतर बराच काळ काहीच कळलं नाही. पत्र लिहावं असं पुष्कळदा वाटलं. पण माझ्या कागदांचा त्या घराला आलेला अनुभव आठवायचा आणि मी पेन खाली ठेवायचो.

मग एकदा सुट्टीत गावाकडून निघालो असताना टेंभुर्णीच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरलो. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. माझ्याकडे बघून हसली.

"वळखलं न्हाय व्हय? अवो, साटंलोटं केलं हुतं की माझं तुमी! मला देऊन अक्काला आणलं."

आमची डावी. टेंभुर्णीलाच दिली होती तिला. मी मूल किती महिन्यांचं वगैरे काहीतरी विचारलं. तिनं ते सांगितलं आणि मग माझ्या तोंडाकडे बघून स्वतःच म्हणाली, "अक्काचं इचारायचंय न्हवं? इचारा की."

"काय झालं त्या केसचं?"

"तुमाला न्हाय कळलं? अवो, शेठ उभं राहून म्हणाले, साहेब, ते मी भाषणात म्हणालो हुतो! तर साहेब म्हणाले, मग खरं कुठं बोलता ते सांगा, तितं येऊन ऐकतो. आमाला सगळ्यांना बोलावलं हुतं साक्षीला. कोण निळी, कोण लाल, हसून हसून पुरेवाट. पर झालं."

"काय झालं?"

"कायम झाली अक्का! दोन्ही कारखान्यात मिळून ती एकटीच. बापानंबी शब्द पाळला, लग्नाचं नाव काढत न्हाय."

गाडी लागली. कंडक्टर ओरडायला लागला. मी पिशवी उचलली, तशी ती माझ्यामागं दोन पावलं आली.

"आन् ऐका की! कायम झाल्यावर पहिल्याच म्हैन्यात तिनं रजा मागितली. भरपगारी. शेठनी इचारलं, काय कारण? तर म्हणाली, पुण्याच्या टीमला गोलकीपर पायजे, मॅच हाय."

"मग? दिली रजा?"

"न देऊन सांगतील कुणाला?" ती म्हणाली. "कायम हाय की ती."